मंजूर ४२, हाती २९: हवाई दलाच्या घटत्या स्क्वॉड्रनबद्दल संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार
आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे सन्माननीय सदस्य

महोदय,

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. तो समारंभ मी टीव्हीसमोर बसून अथपासून इतिपर्यंत पाहिला. उतरलेल्या विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले, १९६३ पासूनच्या बासष्ट वर्षांच्या सेवेचा गौरव झाला आणि तो सर्वथा उचितच होता. मात्र त्या दिवसापासून आपल्या हवाई दलातील लढाऊ स्क्वॉड्रनची संख्या २९ वर आली आहे. सरकारने स्वतः मंजूर केलेली संख्या ४२ आहे. एका स्क्वॉड्रनमध्ये प्रशिक्षणाची दोन विमाने धरून साधारण अठरा विमाने असतात, म्हणजे ही तूट सव्वादोनशेहून अधिक विमानांची होते. ही तफावत निमूटपणे स्वीकारणे मला शक्य होत नाही, म्हणून आपल्याला हे पत्र लिहीत आहे; आणि हा विषय ज्यांच्या आकाशाचा आहे त्या सर्वांनी ते वाचावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

मी १९८३ मध्ये एअरमन म्हणून भरती झालो आणि एअरफ्रेम फिटर या ट्रेडमध्ये सव्वीस वर्षे काम करून ज्युनिअर वॉरंट ऑफिसर या हुद्द्यावरून निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षे मिग-२१ च्या पोटाखाली, हातात टॉर्च आणि पाना घेऊन गेली. इंजिन बदलायचे झाले की या विमानाचा मागचा अर्धा भाग सोडवून ट्रॉलीवर मागे ओढावा लागे आणि मग दोन दिवस ते विमान धडापासून शेपूट वेगळे केलेल्या माशासारखे हँगरमध्ये पडून असे. उतरताना त्याचा वेग इतका असे की शेपटीतली ब्रेक छत्री उघडावी लागे. वैमानिक ती धावपट्टीच्या टोकाला सोडून देई आणि आमची पोरे जीपने जाऊन ती गोळा करून आणत. त्या विमानावर मी प्रेम केले, त्याला घाबरलोही. माझा सख्खा पुतण्या आज हवाई दलात याच ट्रेडमध्ये आहे आणि तो ज्या विमानावर काम करतो ते त्याच्या जन्माच्या आधीपासून सेवेत आहे. या विषयात माझा जीव गुंतलेला आहे तो असा.

एक प्रसंग सांगतो, कारण पुढचे सारे म्हणणे त्याच्याशी जोडलेले आहे. एका हिवाळ्यातल्या सकाळी चार विमानांचे उड्डाण होते. एका विमानाची उड्डाणपूर्व तपासणी माझ्याकडे होती. तपासणी झाल्यावर मी फॉर्म ७०० वर सही केली. विमानाच्या प्रत्येक दुरुस्तीची आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद या वहीत असते आणि वैमानिक त्यावर सही करतो तेव्हा ते विमान त्याच्या ताब्यात जाते. वैमानिक तेवीस-चोवीस वर्षांचा होता. मी शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळले, इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना काढल्या, नियमाप्रमाणे त्याच्या डोळ्यांसमोर धरून एकेक मोजून दाखवल्या, आणि त्याने मान हलवली. चाळीस मिनिटांनी तीन विमाने परत आली. त्यानंतर तासाभरात इंजिनिअरिंग अधिकारी स्वतः चालत आले आणि तो फॉर्म ७०० त्यांनी ताब्यात घेऊन सीलबंद केला. एखादे अवजार विमानात तर राहिले नाही ना, म्हणून आम्ही आमचे टूलबॉक्स उघडून सगळी अवजारे मोजली. ती बरोबर भरली. शेवटच्या पानावर माझ्या सहीखाली त्याची सही होती.

तो मुलगा किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ वर आला होता. मधली पायरी असायला हवी, ध्वनीच्या वेगाजवळ जाणारे प्रगत जेट प्रशिक्षण विमान नवशिक्या वैमानिकांना मिळायला हवे, ही शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्येच केली होती. त्यासाठीचा हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती विमाने २००८ मध्ये सेवेत आली. शिफारशीपासून विमानापर्यंत सव्वीस वर्षे लागली. माझी अख्खी नोकरी तेवढीच झाली. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चार दशकांत अपघातांत गमावली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे सर्व अपघात प्रशिक्षण विमान नव्हते म्हणून झाले असे मी म्हणणार नाही. तंत्रज्ञ म्हणून मला माहीत आहे की अपघाताला एकच कारण क्वचितच असते. परंतु फाईल टेबलावर पडून राहते तेव्हा त्याचा हिशेब कुठेतरी फॉर्म ७०० वर होत असतो, हे मी पाहिलेले आहे.

आता तक्रारींकडे येतो.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की ही घट अचानक कोसळलेले संकट असल्याप्रमाणे तिच्याबद्दल बोलले जाते. महोदय, विमान केव्हा निवृत्त होणार हे ते सेवेत येते त्याच दिवशी लिहिलेले असते. प्रत्येक सांगाड्याला टीटीएल, म्हणजे एकूण तांत्रिक आयुष्य असते. ते तासांत आणि वर्षांत ठरलेले असते, आणि प्रत्येक उड्डाणानंतर आम्ही त्यातून मिनिटे वजा करत असू. इंजिनाचे वेगळे, लँडिंग गिअरचे वेगळे, अगदी रबरी नळीचेसुद्धा वेगळे. एखाद्या स्क्वॉड्रनची विमाने कोणत्या वर्षी संपणार हे सांगायला तज्ज्ञ समिती लागत नाही, स्क्वॉड्रनमधला रेकॉर्ड सांभाळणारा कॉर्पोरल ते सांगू शकतो. मिग-२५ गेले २००६ मध्ये, मिग-२३ चे शेवटचे विमान २००९ मध्ये, मिग-२७ गेले डिसेंबर २०१९ मध्ये, मिग-२१ आता. यांपैकी कोणतीही तारीख सरकारला अनपेक्षित नव्हती. मिग-२१ ची तारीख तर पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. १२५ विमानांना बायसन हे सुधारित रूप देऊन त्यांचे आयुष्य वाढवले, त्यामुळेच २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमाने चालून आली तेव्हा त्यांना तोंड द्यायला १९५० च्या दशकात आराखडा झालेल्या विमानांना झेपावावे लागले. मे २०२३ मध्ये राजस्थानातल्या हनुमानगड जिल्ह्यात असेच एक विमान घरावर कोसळून तीन महिला मृत्युमुखी पडल्या, त्यानंतरही ही जात दोन वर्षे सेवेत होती. बदली विमान वेळेवर मिळाले असते तर यातले काहीच करावे लागले नसते.

बदली विमान म्हणजे तेजस. माझी दुसरी तक्रार त्याच्याबद्दल आहे आणि ती लिहिताना मला दुःख होते, कारण तेजस हे चांगले विमान आहे आणि ते आपले आहे. हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये, म्हणजे मी गणवेश चढवला त्याच वर्षी. पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ रोजी. पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली जुलै २०१६ मध्ये, दुसरी मे २०२० मध्ये. बरोबरीने १९८९ मध्ये सुरू झालेला कावेरी इंजिनाचा प्रकल्प २००८ मध्ये तेजसपासून वेगळा करावा लागला आणि आपले विमान अमेरिकी इंजिनावरच अवलंबून राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेजस मार्क-१ए या सुधारित जातीच्या ८३ विमानांसाठी सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा करार झाला. त्यातले पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ एफ-४०४ इंजिनांपैकी पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. २०२५ साल संपले तेव्हा हवाई दलाच्या ताब्यात मार्क-१ए जातीचे एकही विमान नव्हते. मधल्या काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, आणखी ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा नवा करार झाला. नाशिकच्या नव्या उत्पादन साखळीतून ऑक्टोबरमध्ये पहिले विमान आकाशात झेपावले तेव्हा मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पण कारखान्याच्या धावपट्टीवरून उडालेले विमान आणि स्क्वॉड्रनच्या हँगरमध्ये शस्त्रांसह, सुट्या भागांसह आणि प्रशिक्षित माणसांसह उभे असलेले विमान यांत फार अंतर असते. खुद्द हवाई दलप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर व्यासपीठावरून म्हटले की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. दलप्रमुखांना हे चारचौघांत बोलावे लागावे याचा अर्थ बंद दाराआड ते किती वेळा बोलून झाले असेल, याचा विचार आपण करावा.

तिसरी तक्रार परदेशी खरेदीची आहे. मध्यम आकाराची १२६ बहुपयोगी लढाऊ विमाने घेण्यासाठी २००७ मध्ये निविदा निघाली. सहा विमानांच्या चाचण्या झाल्या. बंगळूरच्या हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या थंडीत. २०१२ मध्ये राफेलची निवड झाली. त्यानंतर तीन वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २०१५ मध्ये ती संपूर्ण प्रक्रिया गुंडाळून ३६ विमाने थेट घेण्याचे ठरले. ती विमाने २०२० ते २०२२ या काळात आली आणि अंबाला व हासीमारा येथे त्यांच्या दोन स्क्वॉड्रन झाल्या. निकड १२६ ची होती, आली ३६; उरलेल्या ९० विमानांची निकड कुठे गेली, याचे उत्तर आजवर कोणत्याही सरकारने नीट दिलेले नाही. २०१८ मध्ये ११४ विमानांसाठी पुन्हा नव्याने माहिती मागवण्यात आली. म्हणजे अकरा वर्षांनी आपण जवळपास त्याच आकड्यावर, त्याच पहिल्या पायरीवर परत येऊन उभे राहिलो होतो. हे लिहिताना मी कोणत्याही एका पक्षाकडे बोट दाखवत नाही, कारण या वर्षांत दोन्ही बाजूंची सरकारे होऊन गेली आहेत आणि विलंबाच्या बाबतीत त्यांच्यात मला फरक दिसलेला नाही.

चौथी तक्रार मी हाताने केलेल्या कामाची आहे. नवी विमाने येत नाहीत तेव्हा जुन्या विमानांना ओढत न्यावे लागते, आणि ते कसे ओढले जाते हे दिल्लीत बसून कळत नाही. सकाळच्या उड्डाणासाठी आठ विमाने द्यायची आहेत, एका विमानाचा हायड्रॉलिक पंप गेला आहे आणि भांडारात पंप नाही. मग हँगरच्या कोपऱ्यात आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा पंप काढून याला लावायचा. याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणत असू. एका पंपासाठी काम दुप्पट होते, नोंदी दुप्पट होतात, सह्या दुप्पट होतात, आणि कोपऱ्यातल्या त्या विमानातून आज पंप, उद्या व्हॉल्व्ह, परवा चाक असे करत करत शेवटी नुसता सांगाडा उरतो. कागदावर तेही विमान स्क्वॉड्रनच्या संख्येत धरलेलेच असते. म्हणून २९ हा आकडा मी ऐकतो तेव्हा माझ्या मनात पुढचा प्रश्न येतो: त्यांतली सकाळी सहा वाजता उडू शकणारी किती?

आज ही वेळ जॅग्वारवर आली आहे. १९७९ मध्ये आलेले हे विमान फ्रान्सने २००५ मध्ये, ब्रिटनने २००७ मध्ये आणि ओमानने २०१४ मध्ये निवृत्त केले. आता जगात ते फक्त आपण उडवतो आणि त्याच्या सुट्या भागांसाठी इतरांनी काढून टाकलेले सांगाडे आणण्याची पाळी आपल्यावर आली. २०२५ या एका वर्षात तीन जॅग्वार कोसळली: मार्चमध्ये हरियाणात, एप्रिलमध्ये गुजरातेत, जुलैमध्ये राजस्थानात. त्या अपघातांच्या कारणांबद्दल मी अंदाज करणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या विमानाचे उत्पादन केव्हाच थांबले, त्या विमानाला सुरक्षित ठेवण्याचा भार आपण वीस-बावीस वर्षांच्या तंत्रज्ञांच्या खांद्यावर टाकला आहे, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी कौशल्य आहे, निष्ठा आहे, फक्त पुरेसे भाग नाहीत.

पाचवी तक्रार पैशाची. निधी नाही, हे उत्तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षण दलांच्या भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ती रक्कम सुमारे १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आणली गेली. ज्या वर्षी हवाई दलाला विमाने कमी पडत होती, त्याच वर्षी नवी सामग्री घेण्यासाठी ठेवलेल्या रकमेतून साडेबारा हजार कोटी रुपये कमी केले गेले. करार वेळेत होत नाहीत, म्हणून पैसा खर्च होत नाही. पैसा खर्च होत नाही, म्हणून पुढच्या वर्षी मागायला तोंड राहत नाही.

आता पुढच्या दहा-बारा वर्षांचे गणित मांडतो, कारण मला खरी भीती त्याची वाटते. आजच्या २९ पैकी सहा स्क्वॉड्रन जॅग्वारच्या, तीन मिराज-२००० च्या आणि तीन मिग-२९ च्या आहेत. ही तिन्ही विमाने १९७९ ते १९८७ या काळात हवाई दलात दाखल झाली. म्हणजे बारा स्क्वॉड्रन अशा आहेत ज्यांचे दिवस भरत आले आहेत. दुसरीकडे मार्क-१ए ची दोन्ही करारांतली सगळी मिळून १८० विमाने आली तर त्यांच्या होतात दहा स्क्वॉड्रन. वर्षाला चोवीस विमाने तयार होतील असे धरले, आणि ते अजून व्हायचे आहे, तरी या १८० विमानांना साडेसात वर्षे लागतात. दहा येणार आणि बारा जाणार. आज हातात असलेले सर्व करार एका दिवसाचाही उशीर न होता पूर्ण झाले, तरी आपण ४२ कडे जात नाही. आपण २९ च्याही खाली जातो. तेजस मार्क-२ अजून घडते आहे. पाचव्या पिढीच्या, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, एएमसीए या स्वदेशी विमानाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, आणि ते सेवेत येण्याचा सरकारचा स्वतःचा अंदाज २०३५ चा आहे. चीनने आपले पाचव्या पिढीचे जे-२० विमान २०१७ मध्येच सेवेत घेतले.

या सगळ्यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. नव्या विमानांची क्षमता इतकी मोठी आहे की एक राफेल किंवा एक सुखोई-३० जुन्या तीन-चार विमानांचे काम करते, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि ड्रोनही आता आले, तेव्हा स्क्वॉड्रन मोजत बसणे हा जुना विचार आहे, असे सांगितले जाते. क्षमतेबद्दलचा भाग मी मान्य करतो. परंतु विमान कितीही समर्थ असले तरी एका वेळी ते एकाच ठिकाणी असते. ओआरपीवर, म्हणजे हुकूम मिळताच काही मिनिटांत उडण्यासाठी, रात्रंदिवस सज्ज ठेवलेली विमाने पश्चिमेलाही लागतात, उत्तरेलाही लागतात आणि पूर्वेलाही लागतात. स्क्वॉड्रन कमी झाल्या की एकाच स्क्वॉड्रनचे चार तुकडे करून चार तळांवर डिटॅचमेंटवर पाठवावे लागतात. माणसे महिनोन्‌महिने घराबाहेर राहतात, विमानांचे तास लवकर संपतात, आणि नव्या वैमानिकांना शिकवायला विमानही उरत नाही आणि शिकवणाराही मोकळा सापडत नाही. शिवाय युद्धात विमाने पडतात. अठरांतली दोन पडली तर स्क्वॉड्रन लढते; चार-पाचांतली दोन पडली तर तो तळ जवळपास रिकामा होतो. आणि संख्येची गरज खरोखरच उरली नसेल, तर सरकारने ४२ हा आकडा अभ्यास करून, कारणे देऊन, संसदेसमोर बदलावा. मंजुरी ४२ ची ठेवायची आणि देश २९ वर चालवायचा, ही पद्धत मात्र कोणत्याच युक्तिवादात बसत नाही.

हवाई इंधन भरणाऱ्या विमानांबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे अशी सहा आयएल-७८ विमाने आहेत, ती दोन दशकांपूर्वी घेतली, आणि त्यानंतर निघालेल्या निविदा रद्द होत राहिल्या. कमी विमानांनी लांबचा प्रदेश राखायचा असेल तर टँकर आणि टेहळणीची विमाने जास्त हवीत. आपल्याकडे तीही मोजकीच आहेत.

महोदय, स्क्वॉड्रन बंद होते तेव्हा तिला ‘नंबरप्लेट’ केली असे म्हणतात. आमच्या स्क्वॉड्रनलाही तसे केले गेले. ट्रॉफ्या, जुनी छायाचित्रे, पहिल्या दिवसापासूनची इतिहासवही, सगळे लोखंडी पेट्यांत भरले. तो क्रमांक गोठवला जातो आणि नवी विमाने आली की त्याच क्रमांकाने स्क्वॉड्रन पुन्हा उभी राहते. १७ क्रमांकाच्या गोल्डन ॲरोज स्क्वॉड्रनच्या पेट्या राफेलसाठी २०१९ मध्ये उघडल्या गेल्या, हे पाहून आम्हा जुन्या लोकांना फार बरे वाटले. पण नुसत्या पेट्या उघडून स्क्वॉड्रन उभी राहत नाही. तंत्रज्ञांची वाटणी होऊन ते वेगवेगळ्या तळांवर गेलेले असतात, वैमानिक वाहतूक विमानांवर किंवा टेबलावर गेलेले असतात, काहींनी नोकरी सोडलेली असते. रात्री दोन वाजता इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा सार्जंट घडायला पंधरा वर्षे लागतात. विमान विकत घेता येते, हा माणूस विकत मिळत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर सरकारने संसदेसमोर एक निवेदन ठेवावे. त्यात लढाऊ स्क्वॉड्रनची मंजूर आणि प्रत्यक्ष संख्या असावी, आणि पुढच्या दहा वर्षांत कोणत्या वर्षी कोणत्या जातीच्या किती स्क्वॉड्रन निवृत्त होणार व किती नव्या उभ्या राहणार याचे वेळापत्रक असावे. गोपनीयतेचे कारण कृपया देऊ नये. शत्रू आपली विमाने उपग्रहातून मोजतो; हे आकडे नागरिकांपासून लपवून काही साध्य होत नाही. प्रत्यक्ष उड्डाणयोग्य विमानांचे प्रमाण मात्र खरोखर संवेदनशील आहे, म्हणून ते स्थायी समितीला बंद बैठकीत, पण न चुकता दर तिमाहीला सांगितले जावे.

लढाऊ विमानांच्या खरेदीत प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि ती उलटली तर कारण व जबाबदार पद लेखी नोंदवून समितीपुढे ठेवावे. आम्ही फॉर्म ७०० वर प्रत्येक नटबोल्टसाठी सही केली. निर्णय घेणाऱ्यांनीही सही करावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

तेजस मार्क-१ए च्या दोन्ही करारांमधली वर्षनिहाय वितरणाची उद्दिष्टे आणि प्रत्यक्ष वितरण दर तीन महिन्यांनी जाहीर करावे, करारातली विलंबाची कलमे लागू करावीत, आणि त्याच वेळी कारखान्याला लागणारी इंजिने व भाग वेळेवर मिळवून देण्याची जबाबदारी मंत्रालयाने स्वतःकडे घ्यावी. स्वदेशी लढाऊ इंजिनासाठी दर अर्थसंकल्पात बदलणार नाही असा निधी ठेवावा. कावेरीत झाले ते पुन्हा होऊ देऊ नये.

पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आधुनिकीकरणासाठी वर्षअखेरीस रद्द न होणारा निधी उभारण्याची शिफारस केली होती. तो उभारावा.

ठरलेल्या आयुष्यापलीकडे कोणत्याही लढाऊ विमानाला मुदतवाढ देण्यापूर्वी स्वतंत्र तांत्रिक समितीकडून तपासणी व्हावी, त्या समितीत प्रत्यक्ष त्या विमानावर काम केलेले निवृत्त तंत्रज्ञ असावेत, आणि समितीचा अहवाल स्थायी समितीला मिळावा. जॅग्वारपासून याची सुरुवात व्हावी.

स्थायी समितीच्या सदस्यांना माझी स्वतंत्र विनंती आहे. आपण तळांना भेट देता तेव्हा सादरीकरण पाहून झाल्यावर हँगरच्या मागच्या कोपऱ्यातही जावे. तिथे भाग काढून घेतलेली किती विमाने उभी आहेत ते मोजावे, त्यांच्यावर काम करणाऱ्या कॉर्पोरलला त्याचा दिवस कसा जातो ते विचारावे, आणि त्याने सांगितलेले आपल्या पुढच्या अहवालात लिहावे.

येत्या अधिवेशनात पहिले निवेदन ठेवले जाईल का, एवढे तरी आपल्या कार्यालयाने जाहीर करावे. मी वाट पाहीन.

आपला विश्वासू,
हवाई दलातील एक निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, एअरफ्रेम फिटर